ग्रीनलंडचा सातबारा

८ जानेवारी २०२५. सकाळी सात चाळीसला सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकली : 'उद्या टाकी धुण्याचे काम असल्याने सकाळी १० ते २ पाणी बंद राहील. कृपया नोंद घ्यावी.' सात त्रेचाळीसला त्याखाली नानांनी लिहिलं, 'ग्रीनलंड जाणार.'

मला आधी वाटलं, ही शेजारची कुठली तरी सोसायटी असेल आणि तिचंही पाणी जाणार असेल. कर्वेनगरात अशा नावांना तोटा नाही. आमच्या एका गल्लीत दोन 'ग्रीन' आहेत, एक 'लँड' आहे आणि तिन्हींत मिळून एक शेवग्याचं झाड आहे. मग खाली तीनशे दोन यांनी लिहिलं, 'असे कसे जाईल? डेन्मार्क काय हातावर हात ठेवून बसेल?' तेव्हा ट्यूब पेटली. आदल्याच दिवशी ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत ग्रीनलंड आपल्याला हवंच आहे, असं सांगितलं होतं. सैन्य वापरणार नाही याची हमी देता का, असं विचारल्यावर त्यांनी ती दिली नव्हती. त्यांचे चिरंजीव तर त्याच दिवशी विमानाने नूक या राजधानीत जाऊन आले होते. आपल्याकडे स्थळ बघायला आधी मामाला पाठवतात, तसं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाणी गेलं. दहा वाजून पाच मिनिटांनी चौघांनी ग्रुपवर विचारलं, 'पाणी का नाही?' टाकीची सूचना तोवर ग्रीनलंडच्या बर्फाखाली कुठल्या कुठे गाडली गेली होती.

आमच्या ग्रुपवर माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. ओळख करून देताना 'हे तीनशे दोन' असंच सांगतात आणि समोरचाही 'अच्छा, गॅलरीत कोरफड लावलेले' म्हणून ओळखतो. तीनशे दोन हे जुनं खुनाचं कलम. हे गृहस्थ चिडले की आम्ही त्यावर कोटी करायचो. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये गेली आणि आमची कोटी वाया गेली. एकशे तीनमध्ये दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या बाबतीत ती फारच जवळून लागते, म्हणून कुणी करत नाही.

नानांना मात्र नंबर नाही. ते पहिल्या कमिटीत होते, बोअरची जागा त्यांनी दाखवली आणि तिथे पाणी लागलं. तेव्हापासून पाताळाखालच्या आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही विषयात त्यांचा अंदाज चुकलेला त्यांना आठवत नाही. नाना ट्रम्प यांच्या बाजूचे. 'हा माणूस बोलतो ते करतो' हे त्यांचं मत. २०१९ च्या ऑगस्टमध्येही ट्रम्प यांनी ग्रीनलंड विकत घ्यायचं काढलं होतं. डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन यांनी ती कल्पना हास्यास्पद ठरवली, तर ठरलेला डेन्मार्क दौराच साहेबांनी रद्द केला. हे मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, 'बघा, दौरा रद्द करतो म्हणाला, केला.'

तीनशे दोन विरोधात. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. धरणांसाठी भूसंपादन करण्यात हयात गेल्यामुळे कुणी कुणाची जमीन घेतो म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा कागद येतात. 'नोटीस काढावी लागते. हरकती मागवाव्या लागतात. सुनावणी होते. ५७ हजार लोकांचे पुनर्वसन कुठे करणार?' मी म्हटलं, अहो, तिथे धरण बांधायचं नाहीये. ते म्हणाले, 'सुरुवातीला सगळे असेच सांगतात.'

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे आंतरराष्ट्रीय प्रश्न असा नसतोच. ज्याचं आयुष्य जिथे झिजलं, तिथल्या भोकातून तो जग बघतो. सेक्रेटरींनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'विक्रीला एनओसी कोण देणार?' त्यांच्या हिशेबाने डेन्मार्कने ग्रीनलंड अमेरिकेला दिलं, तरी उपविधीप्रमाणे हस्तांतरण अधिमूल्य पंचवीस हजारांच्या वर घेता येणार नाही. दातांचे डॉक्टर दिवसातून दोनदाच लिहायचे, भूल चढायची वाट बघत असताना. 'मुळापासून काढावे लागेल', एवढंच. काय काढावं लागेल हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पाचशे चारमध्ये आयटीतली दोन पोरं भाड्याने राहतात. ती एकच शब्द लिहायची : 'सोर्स?'

हा शब्द आमच्याकडे शिवीपेक्षा वाईट समजला जातो. पंगतीत बसून वाढप्याला 'हे तूप कुठल्या गाईचं' विचारण्यासारखं आहे ते. आलेला मेसेज पुढे ढकलणारा माणूस वाढपी असतो हो, त्याने काही गाय पाळलेली नसते. नानांनी शेवटी लिहिलं, 'सोर्स : अनुभव.' त्यावर पोरांनी हसून डोळ्यांतून पाणी येणारे तीन चेहरे टाकले आणि नानांना ती खरोखर रडतायत असं वाटून ते थोडे निवळले.

सातशे एक हे आमचे परदेशस्थ सदस्य. फ्लॅट भाड्याने देऊन न्यू जर्सीला राहतात, ग्रुप सोडत नाहीत. आम्ही दिवसभर भांडून रात्री अकराला गादीवर पाठ टेकली की त्यांची दुपार होते आणि ते लिहितात, 'मी इथे राहतो, मला माहीत आहे, इथले वातावरण वेगळे आहे.' काय वेगळं आहे? तर तिथे कुणी याबद्दल बोलतच नाही म्हणे. एवढं सांगून ते जेवायला जायचे आणि इकडे नाना उशाचा चष्मा चाचपायला लागायचे.

आमच्या तरुणपणीही परराष्ट्र धोरणावर भांडणं होत. गोविंद तळवलकरांचा रशियावरचा अग्रलेख वाचून माझे वडील आणि शेजारचे भाऊ आठवडाभर बोलत नसत. पण त्या भांडणाला घर होतं. रात्री नऊच्या बातम्या लागल्या किंवा कुणाच्या तरी घरातून 'पानं घेतलीत' अशी हाक आली की ते उठून घरी जायचं. ग्रुपवरच्या वादाला पानं घेतलीत असं कोण सांगणार? तो उशाशी, चार्जिंगला लावून, जागाच असतो.

या सगळ्यात मी कुठे होतो? मी, कबूल करतो, अभ्यास करत होतो. बँकेत छत्तीस वर्षं खातेवह्या जुळवल्या, त्यामुळे आकडा जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. नानांनी १० तारखेला जगाचा नकाशा टाकला. त्यात ग्रीनलंडला लाल गोल करून खाली लिहिलं होतं, 'भारताच्या चौपट! सोन्याची खाण!' नकाशात ते होतं खरं तेवढं. आफ्रिकेच्या तोडीस तोड दिसत होतं. मी उठून नातीच्या खोलीतला पृथ्वीचा गोल आणला. त्याच्या अक्षातला स्क्रू सैल झाल्यामुळे दक्षिण ध्रुव पेन्सिलीच्या तुकड्यावर टेकवलेला आहे. ग्रीनलंडवर चिक्कीचा चिकट डाग होता. नखाने तो खरवडला आणि शिवणाच्या पेटीतली टेप लावून मोजलं. भारत सरळ सरळ मोठा निघाला. पुस्तकात पाहिलं : भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१.६६ लाख. म्हणजे आपणच त्याच्या दीडपट. आफ्रिका तर चौदापट.

गोम नकाशात होती. तो मर्केटरच्या पद्धतीचा. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली तो दर्यावर्दींसाठी बनवला, होकायंत्राची दिशा न बदलता जायचं असेल तर नकाशावर सरळ रेघ ओढता यावी म्हणून. गोल पृथ्वी सपाट कागदावर अशी ताणली की विषुववृत्ताजवळचं नीट राहतं आणि ध्रुवाकडचं फुगत जातं. पुरणपोळी लाटताना कडा पसरतात, तसं. मी हे सगळं नीट, परिच्छेद पाडून, आकड्यांसह लिहिलं. शेवटी नम्रपणे जोडलं, 'चू. भू. द्या. घ्या.'

मला वाटलं, नाना खजील होतील. नानांनी लगेच लिहिलं, 'पाहा! साडेचारशे वर्षे यांनी आपल्याला लहान दाखवले!!' आणि ग्रुप पेटून उठला. चौदा अंगठे आले. नकाशे जाळा इथपर्यंत मजल गेली. एरवी एका शब्दावर एकमत न होणारे नाना आणि तीनशे दोन प्रथमच एका बाजूला आले, तेही एका फ्लेमिश नकाशेवाल्याविरुद्ध. मर्केटरचा हेतू तसा नव्हता, त्याला बिचाऱ्याला जहाजं बंदराला लावायची होती, असं लिहायला मी बोट उचललं होतं. पण चौदा अंगठे मला आयुष्यात पहिल्यांदा पडले होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत निरोपसमारंभालासुद्धा इतकं कौतुक झालं नव्हतं. मी फोन पालथा ठेवला.

"कसली टेप घेऊन बसलायत?" बायकोने विचारलं.

"ग्रीनलंड मोजतोय."

"ब्लाउजला लागते ती मला. आणि ग्रीनलंड आणायला जायचं असेल तर जाताना खालून दूध आणा."

त्या यशाने मी बिघडलो. पुढचे चार दिवस मी अमेरिकेने आजवर काय काय विकत घेतलं ते धुंडाळत होतो. १८६७ साली रशियाकडून अलास्का, ७२ लाख डॉलरना. १९१७ साली खुद्द डेन्मार्ककडूनच कॅरिबियनमधली बेटं, अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून. तीच आजची अमेरिकी व्हर्जिन बेटं. आणि गंमत अशी की त्याच व्यवहारात अमेरिकेने लिहून दिलं की साऱ्या ग्रीनलंडवर डेन्मार्कने आपला अंमल वाढवला तर आमची हरकत नाही. पुढे १९४६ साली ट्रूमन सरकारने त्याच ग्रीनलंडसाठी दहा कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं, डेन्मार्कने नको म्हटलं. १९५१ साली संरक्षण करार झाला आणि अमेरिकेला उत्तरेला हवाई तळ मिळाला, जो अजून आहे. म्हणजे घर आपलं नाही, पण मागच्या खोलीची किल्ली पंचाहत्तर वर्षं आपल्याकडे, असा हा मामला. हे मला फार भावलं, कारण आमच्या गच्चीवर एका मोबाइल कंपनीचा टॉवर असाच आहे.

हे सगळं एका मेसेजमध्ये मावेना. लिहून लिहून अंगठा दुखायला लागला. शेवटी मी फक्त हुकमाचा एक्का ठेवला. तो असा : डेन्मार्कला जमीन विकायची सवय आहे आणि ती सवय त्यांना लागली भारतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकांकडून त्यांनी जागा मिळवली, किल्ला बांधला. तो डान्सबोर्ग किल्ला आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. पुढे तंजावर व्यंकोजीराजे भोसल्यांकडे आलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या दरबाराला डॅनिश लोक वर्षाचा खंड भरू लागले. आणि १८४५ साली त्यांनी तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी ईस्ट इंडिया कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकून टाकली. आज कर्वेनगरात साडेबारा लाखांत झाकलेलं पार्किंगही मिळायचं नाही.

हा एक्का मी दोन दिवस दाबून ठेवला. योग्य जागी पडायला हवा ना. पण ग्रुपवर योग्य जागा येईना. १३ तारखेला भोगी आली, १४ ला संक्रांत. नाना आणि तीनशे दोन यांची आता हातघाई चालली होती आणि दर दोन मेसेजांमागे कुणीतरी हलव्याच्या दागिन्यांचं चित्र टाकत होतं. वाचताना असं दिसायचं : 'तुमच्यासारख्या गुलाम मनोवृत्तीच्या लोकांमुळेच देश मागे आहे.' 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.' 'माझी मनोवृत्ती काढू नका, मेंटेनन्स कुणाचा थकला आहे ते सर्वांना ठाऊक आहे.' 'आपल्या व आपल्या परिवारास मकर संक्रांतीच्या गोड गोड शुभेच्छा.'

शेवटी रात्री अकरा चाळीसला मी तरंगंबाडी टाकली. भोसल्यांपासून साडेबारा लाखांपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे न करता. दोन निळ्या खुणा उमटल्या. मी उठून पाणी प्यायलो. परत आलो. सहाशे दोनच्या वहिनी काहीतरी लिहीत होत्या, वर दिसत होतं. थांबलं. पुन्हा लिहू लागल्या. मी श्वास रोखला. गुलाबाचं फूल आलं, त्याच्या पाकळीवर दव आणि खाली 'शुभ रात्री'.

खरं सांगायचं तर त्या महिन्यात एकच वाक्य असं पडलं की सगळे गप्प झाले. ते एकशे सातच्या काकूंचं. काकू एरवी ग्रुपवर फक्त मुगाच्या बिरड्याची आणि गुळाच्या पोळीची कृती टाकतात, आणि गुळाच्या पोळीच्या कृतीत सुंठ घालायची की नाही यावर झालेला वाद ग्रीनलंडपेक्षा दोनच मेसेजांनी लहान होता. नाना लिहून गेले होते की 'आजच्या काळात कुठे देश विकत मिळतो का' ही सगळी पुढारलेल्या लोकांची भाषा, आपल्याला नाही कळायची. काकूंनी लिहिलं : 'मुंबई हुंड्यात गेली तेव्हा कोळ्यांना कुणी विचारलं होतं?'

आता ही शाळेतच शिकलेली गोष्ट. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरिनचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं, त्या करारात मुंबई आंदण गेली. १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. वेसाव्याच्या कोळणीला हे सांगितलं असतं तर तिने त्या दोन्ही राजांना टोपलीतला बोंबील दाखवला असता. पण मी चार दिवस अलास्का आणि व्हर्जिन बेटं उकरत होतो आणि माझ्या घरापासून दीडशे किलोमीटरवरचा दाखला मला सुचला नव्हता. तीनशे दोन यांनी नमस्काराचे दोन हात टाकले. नानांनी काही लिहिलं नाही. ग्रुप साडेतीन मिनिटं स्तब्ध होता. आमच्याकडे कुणी वारलं तरी एवढी शांतता नसते, लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू होतात.

मग कुत्र्यांनी घात केला. डेन्मार्कने नुकतीच ग्रीनलंडसाठी जादा संरक्षणखर्चाची घोषणा केली होती. त्यात दोन गस्ती जहाजं होती, लांब पल्ल्याचे दोन ड्रोन होते आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांची आणखी दोन पथकं होती. थट्टा नाही, त्या बर्फात गस्त तशीच घालतात. ही माहिती पाचशे चारच्या पोरांनी सोर्ससकट टाकली. आणि त्यात 'कुत्रे' हा शब्द होता.

आमच्या सोसायटीत दोन पक्ष आहेत. एक, फाटकाशी भटक्या कुत्र्यांना दूधभात घालणारे. दुसरा, त्यांच्या स्कूटरच्या सीटवर ते कुत्रे झोपलेले ज्यांना आढळतात ते. सहाशे दोन यांनी लिहिलं, 'आपल्याकडच्या पाठवा दोन टीम.' त्यावर दोनशे तीनच्या ताईंनी लिहिलं, 'मुक्या जनावरांची चेष्टा करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या मुलाला जिन्यात थुंकू नको म्हणून शिकवावं.' त्या रात्री डेन्मार्क, अमेरिका, आर्क्टिक महासागर सगळं बाजूला पडलं आणि खरी, मायेची, मनापासूनची लढाई झाली. न्यू जर्सीहून सातशे एक यांनी 'इथे याबाबत नियम फार कडक आहेत' असं लिहिलं. दोन्ही पक्षांनी मिळून त्यांना आधी पाण्याच्या टँकरची थकलेली वर्गणी भरायला सांगितलं.

मला ते बघवेना. शांततेसाठी एक शेवटचा प्रयत्न म्हणून मी हान्स बेटाची गोष्ट टाकली. ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्या मधल्या सामुद्रधुनीत हा जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा खडक आहे. माणूस नाही, झाड नाही. कॅनडा म्हणे आमचा, डेन्मार्क म्हणे आमचा. १९८४ पासून चाललं होतं काय, तर डेन्मार्कची माणसं तिथे जायची, झेंडा लावायची आणि आपल्याकडच्या दारूची एक बाटली ठेवून यायची. मग कॅनडावाले जायचे, ती बाटली उचलायचे, आपला झेंडा लावायचे आणि आपली व्हिस्की ठेवून यायचे. असं कित्येक वर्षं. गोळी नाही, शिवी नाही. आणि २०२२ च्या जूनमध्ये दोघांनी बसून खडक मधोमध वाटून घेतला. म्हटलं, दोनशे तीन आणि सहाशे दोन यांना यातून काही सुचेल.

दोन मिनिटांत सेक्रेटरींचा मेसेज आला, ठळक अक्षरांत : 'ग्रुपवर महिला सदस्य आहेत. मद्यपानाला प्रोत्साहन देणारे मेसेज टाकू नयेत. ही अंतिम समज समजावी.' मला! ज्याच्या घरात खोकल्याच्या औषधाचं लेबलसुद्धा वाचून घेतात, त्याला! बायको दोन दिवस हसत होती. जिन्यात दातांचे डॉक्टर भेटले तर कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, असलं लिहिताना वेगळा ग्रुप करा. मला ॲड करा."

माझा भाचा कोपनहेगनला असतो. नानांना हे कळल्यावर त्यांनी मला फोनच केला. ग्रुपवर नाही, फोन. "तुमचा माणूस तिथे आहे आणि तुम्ही नकाशे मोजत बसलात? त्याला विचारा, आतली खबर काय आहे." मी भाच्याला विचारलं, काय रे, तिकडे काय वातावरण? त्याचा आवाज आला, मागे वारा भणाणत होता. "मामा, वातावरण कसलं, माझी सायकल चोरीला गेली. स्टेशनबाहेरून. दोन कुलपं लावली होती. पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली, आता बसने जातोय." मग सहज म्हणाला, "ग्रीनलंडच्या एका मुलीबरोबर काम करतो मी. तिला सगळे हेच विचारतात. ती म्हणते, आमच्याकडे जमीन कुणी विकूच शकत नाही, कारण ती कुणा एकाची नसते."

मी हे तपासलं. खरं आहे. ग्रीनलंडमध्ये जमिनीवर खाजगी मालकी नसते. घर तुमचं, ते तुम्ही विकू शकता. खालची जागा वापरायचा हक्क तेवढा पालिकेकडून मिळतो. जमीन सगळ्यांची. १९७९ साली त्यांना स्वतःचं विधिमंडळ मिळालं, २००९ च्या कायद्याने तर हवं तेव्हा जनमत घेऊन डेन्मार्कपासून वेगळं होण्याचा मार्गही खुला झाला. आणि तरी दाराला लावायची पाटी आपली, खालची जमीन आपली एकट्याची नाही.

हे वाचता वाचता मला काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं. मी कपाटातून फ्लॅटचा करारनामा काढला. मग सेक्रेटरींकडे गेलो. आमच्या इमारतीला एकवीस वर्षं झाली. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. त्याने केलेली नाही. आम्ही मागितली की नाही, यावर कमिट्यांमध्ये मतभेद आहेत. २००८ पासून कायद्याने मानीव अभिहस्तांतरण नावाची सोय केली आहे, बिल्डर आला नाही तरी अर्ज करून जमीन नावावर करून घेता येते. आमचा अर्ज केलेला नाही, कारण भोगवटा प्रमाणपत्राची प्रत पहिल्या कमिटीकडून दुसऱ्या कमिटीकडे येताना कुठे तरी राहिली. पहिल्या कमिटीत नाना होते.

म्हणजे आमच्या पायांखालच्या जमिनीचं मालमत्ता पत्रक आजही त्या बिल्डरच्या नावावर आहे. उद्या ट्रम्प साहेबांना ग्रीनलंडऐवजी कर्वेनगर आवडलं, तर त्यांना आम्हा बेचाळीस बिऱ्हाडांशी बोलायचीही गरज नाही.

मी ग्रुपवर लिहिलं. ग्रीनलंडचं उदाहरण आधी दिलं, लोकांनी वाचावं म्हणून. मग आपली परिस्थिती, कागदांची यादी, आणि खाली सेक्रेटरींची सूचना : रविवारी सकाळी दहाला गच्चीवर सभा, विषय क्र. १ मानीव अभिहस्तांतरण. निळ्या खुणा भराभर उमटल्या. बेचाळीस बिऱ्हाडांतल्या साठ माणसांनी वाचलं. कुणी काही लिहिलं नाही. गुलाबसुद्धा आला नाही.

रविवारी दहाला आम्ही सात जण होतो. गणपूर्ती नसल्यामुळे सभा नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि आम्ही टाकीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. नाना आणि तीनशे दोन शेजारी शेजारी. गेले तीन आठवडे एकमेकांना गुलाम आणि हस्तक म्हणणारी ही माणसं. नानांनी गुडघ्यावर लावायचं कुठलंसं तेल आणलं होतं, त्याची बाटली तीनशे दोन उन्हात धरून बघत होते. "रात्री लावा, आणि वर एरंडाचं पान बांधा", नाना सांगत होते. भोगवटा प्रमाणपत्राचं विचारल्यावर नाना म्हणाले, "होतं ते. निळ्या फायलीत. बोअरच्या पावतीखाली." फाइल कुठे आहे? "ती बघावी लागेल." साडेदहाला सभा पुन्हा सुरू झाली, सातजणांनी चर्चेअंती विषय मंजूर केला, तीनशे दोन यांनी कागदपत्रांचं काम अंगावर घेतलं. कागद म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. खाली उतरताना जिन्याच्या वळणावर, जिथे दिवा गेलेला आहे, तिथे त्यांनी नानांचा दंड धरला होता.

संध्याकाळी मी ग्रुपवर सभेचा वृत्तान्त टाकला. निळ्या फायलीचा उल्लेख मुद्दाम केला. सात चाळीसला नानांचं उत्तर आलं.

'पनामाचा कालवापण घेणार असे दिसते. तुमचा अभ्यास काय म्हणतो?'

मी फोन बाजूला ठेवला. बायको चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. मी नातीच्या खोलीत गेलो, पृथ्वी उचलली, पेन्सिलीचा तुकडा खाली पडला तो शोधला. कालवा १९७७ च्या करारान्वये ३१ डिसेंबर १९९९ ला पनामाच्या ताब्यात गेलेला आहे. हे नानांना माहीत असणं शक्यच नव्हतं.